गळ्यापाशी आवळतं, पण ते पित्ताचं असेल

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४८, उंची पाच फूट एक इंच, वजन ५७ किलो. दोन वर्षांपूर्वी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून त्यांचं पथ्य, गोळ्या, तपासण्यांच्या तारखा सगळं त्याच सांभाळतात. शाळेत आरोग्य शिबिर झालं तेव्हा त्यांचीही तपासणी झाली. कमरेचा घेर ३५ इंच, बीपी १३६/८४, उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १७८, एचडीएल ४३. कागदावर फक्त ट्रायग्लिसराइड्सपुढे चांदणी होती. त्या लिहितात: "मी जाड नाही. माहेरी कुणाला हार्टचा त्रास नाही. सात वर्षांपूर्वी पिशवी काढली, त्यामुळे असं थोडंफार होणारच, असं सगळे म्हणतात. नणंद म्हणते, ६५०० रुपयांचं फुल बॉडी चेकअप करून टाक. पण मुलगी बारावीला आहे आणि ह्यांच्या औषधांचा खर्चही आहे. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत थांबलं तर चालेल का? आणि या वयात स्वतःच्या तब्येतीचं इतकं कौतुक करणं बरं दिसतं का?" सहीच्या जरा वर आणखी एक ओळ आहे: "बाकी ठीक. शाळेचा जिना चढताना गळ्यापाशी आवळल्यासारखं होतं, वर जाऊन टेकलं की सुटतं. पण ते पित्ताचं असेल."

ताई,

तुम्ही जी ओळ सर्वांत शेवटी लिहिलीत, तिथूनच मी सुरुवात करते. साखर, चरबी, कंबर याचं नंतर बघू.

पित्ताला जिना कळत नाही. त्याचा त्रास जेवणाशी, उपाशी राहण्याशी, जेवून लगेच आडवं होण्याशी जोडलेला असतो. श्रम केले की येणारं आणि विसावलं की जाणारं आवळणं हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं, मग ते छातीत जाणवो, गळ्यात, जबड्यात की खांद्यात. तुम्हाला तेच आहे असं मी इथून सांगू शकत नाही. मात्र ते नाही, हे ठरल्याशिवाय मे महिना उजाडता कामा नये. या आठवड्यातच एमडी फिजिशियनकडे जा. गावात नसतील तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा.

तिथे गेल्यावर "पित्त" हा शब्द तुम्ही उच्चारू नका. मी हे कळकळीने सांगते आहे. आपण बायका डॉक्टरांसमोर बसताना निदान घेऊनच बसतो: "काही नाही हो, जरा पित्त झालंय," "बाहेरचं खाल्लं होतं," "झोप झाली नाही ना." बाहेर तीस पेशंट थांबलेले असतात, आणि समोरचा डॉक्टर ते निदान उचलतो. त्यापेक्षा एका चिठ्ठीवर जे घडतं तेवढंच लिहून न्या: कितव्या पायरीला आवळतं, किती मिनिटांत सुटतं, घाम येतो का, सहा महिन्यांपूर्वी हाच जिना चढताना काय व्हायचं, हातात वह्यांचा गठ्ठा असला की लवकर येतं का. चिठ्ठी वाचून दाखवा. ईसीजी काढतील. बसल्या जागी काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच उठू नका, कारण तुमचा त्रास बसल्यावर होतच नाही. "चढताना होतं, त्यासाठी काय तपासायचं?" असं विचारा. पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट बायकांमध्ये पुरुषांइतकी भरवशाची नसते, म्हणून डॉक्टर कधी स्ट्रेस एको (श्रमाच्या वेळची हृदयाची सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) सुचवतात. कोणती करायची ते त्यांनी ठरवायचं. तपासणी झाल्याशिवाय थांबायचं नाही, एवढं तुम्ही ठरवा.

हेच आवळणं कधी बसल्या बसल्या सुरू झालं, पाच-दहा मिनिटांत सुटलं नाही, बरोबर घाम, मळमळ, दम किंवा जबड्यात-पाठीत दुखणं असेल, तर रिक्षा शोधत बसू नका. आधी गॅस बंद करू, मुलीला फोन करू, असंही नको. १०८ ला फोन करा.

तुम्हाला पित्तच का वाटलं, हे मला समजतं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही यजमानांना पाहिलं आहे. छाती धरून बसलेले, घामाने भिजलेले. हार्टचा त्रास असा असतो, हे तुमच्या मनावर कोरलं गेलं. बायकांनाही छातीत दुखतं, बहुतेकींना दुखतंच. पण जोडीला किंवा कधी त्याच्याऐवजी दम लागणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पोट ढवळणं, जबडा किंवा पाठ दुखणं हे बायकांमध्ये जास्त दिसतं. माझ्या मावशीच्या घरी कसलंतरी कार्य होतं. पंगत वाढता वाढता तिचा जबडा दुखायला लागला, मळमळलं. पित्त म्हणून तिने कोकम सरबत घेतलं आणि शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिली. दवाखान्यात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. ती जगली, पण हृदयाचं पंपिंग पुन्हा पूर्ववत झालं नाही. पुढची अकरा वर्षं तिने एकेक पायरी मोजत काढली. म्हणून तुमची ती ओळ वाचून मी तेवढ्यावरून पुढे जाऊ शकले नाही.

आता रिपोर्ट. एकाच चांदणीमुळे बाकी सगळं ठीक आहे असं तुम्ही धरलंत. पण कागदावर छापलेली मापं कुणाची आहेत? एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, त्याच्यापुढे पुष्कळ ठिकाणी सरसकट "४० च्या वर" एवढंच छापलेलं असतं. ती पुरुषांची खालची मर्यादा. बाईसाठी ती ५० आहे. तुमचं ४३ आहे. उपाशीपोटी साखर काही ठिकाणी ११० पर्यंत ठीक धरतात, पण १०० पासून सावध व्हायचं असतं. कमरेचा घेर आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. तुमचे ३५ इंच म्हणजे ८९ सेंटिमीटर. पुरुषाच्या पट्टीने जेमतेम आत, बाईच्या पट्टीने पुष्कळ बाहेर. बीपीची रेषा १३०/८५, त्यातला कोणताही एक आकडा ओलांडला तरी धरायचं. ट्रायग्लिसराइड्सची १५०.

या पाचांपैकी तीन गोष्टी जमल्या की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्या यजमानांची पट्टी लावली तर तुमच्या तीन भरतात. तुमची स्वतःची लावली तर पाचही. हा काही वेगळा आजार नाही. पोटात, अवयवांभोवती साचलेली चरबी आणि इन्सुलिनला नीट दाद न देणारं शरीर यांतून उभं राहणारं हे एकाच वाटेवरचं टोळकं आहे. ती वाट मधुमेहाकडे आणि हृदयविकाराकडे जाते. तुम्ही अजून वाटेवर आहात, पोचलेल्या नाही. इथून मागे फिरता येतं.

"पण मी जाड नाही." ताई, या एका वाक्यावर पुण्यात आयुष्यभराचं काम झालेलं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं की आपली माणसं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबी जास्त बाळगून असतात. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याला पुरेसं सांगत नाही. तुमच्या परकराची नाडी गेल्या दहा वर्षांत किती अपुरी पडत गेली, ती जास्त खरं सांगेल. घेर मोजताना खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप धरा.

माहेरी कुणाला त्रास नाही म्हणता. तुमच्या आजीचा, आत्यांचा ईसीजी कधी काढला होता का? आपल्या घरांतल्या कितीतरी बायका "वयाने" गेल्या, त्यांच्या मागे रिपोर्ट नाहीत.

आणि पिशवी. पाळी सुरू असते तोवर अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या आणि चरबीचं प्रमाण सांभाळायला मदत करतं, हे खरं आहे. इंटरहार्ट या ५२ देशांमधल्या अभ्यासात, जो २००४ साली छापून आला, बायकांना पहिला हार्ट अटॅक पुरुषांपेक्षा सुमारे ९ वर्षं उशिरा आलेला दिसला. उशिरा, एवढंच. पण त्या उशिरालाच आपण "बायकांना होत नाही" असं समजून बसलो. पाळी गेली की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. पाळी जर वेळेआधी गेली, किंवा पिशवीबरोबर अंडाशयंही काढली गेली, तर तो आधारही आधीच जातो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचं उघड झालं, तेव्हा ऑपरेशनांची चर्चा राज्यभर झाली, पण पुढे या बायकांच्या हृदयाचं आणि हाडांचं काय, हे फार कमी लोकांनी विचारलं. तुमची पिशवी ४१ व्या वर्षी काढली. अंडाशयं ठेवली होती का? बहुतेक बायकांना ते माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर लिहिलेलं असेल, आणि डॉक्टरांना ते कळायला हवं.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत: मुलीच्या वेळी बीपी वाढलं होतं का? साखर? बाळंतपणात आलेलं बीपी बाळंतपणाबरोबर गेलं असं आपण समजतो. पण ज्यांना त्या वेळी प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार) होतो त्यांचा पुढचा हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणातली साखर पुढच्या मधुमेहाची आगाऊ सूचना असते. पीसीओडी असलेल्या मुलींनाही हेच लागू आहे. हे वाचणाऱ्या तिशीतल्या बायकांनी आपापली जुनी कार्डं जपून ठेवावीत.

मधुमेहाआधीच थांबण्याचा मी इतका आग्रह का धरते, तेही सांगते. २०१४ साली साडेआठ लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका दोघांचाही वाढतो, पण बायकांमध्ये ही तुलनात्मक वाढ पुरुषांपेक्षा ४४ टक्के जास्त निघाली. त्याचं मला पटणारं कारण असं, की मधुमेहाचं निदान होईपर्यंत बाईची तब्येत पुरुषापेक्षा जास्त बिघडलेली असते. ती "होईल बरं" म्हणत जास्त लांब चालून गेलेली असते.

नणंदबाईंची तळमळ खरी आहे, पण ६५०० चं पॅकेज घेऊ नका. त्यात पन्नास आकडे येतात आणि कामाचे चार हरवतात. या तपासण्या पुरे: एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि चरबी), हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), लघवीतलं प्रोटीन. तालुक्याला यांचा खर्च बराच कमी येतो, आणि सरकारी दवाखान्यात यातल्या पुष्कळशा मोफत होतात. हिमोग्लोबिन का? आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि रक्त कमी असलं तरी जिन्यावर दम लागतो. शिवाय लोह कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. मात्र हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून "बघा, हेच होतं" म्हणत ईसीजी टाळू नका. एकाच बाईला दोन्ही असू शकतं. हृदयासाठी म्हणून कुणी पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या तर थांबा. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात त्यांनी हृदयविकार टळत नाही असंच दिसलं. बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी दिली, तर मात्र ती तुम्ही यजमानांना जशी न चुकता देता तशीच घ्या.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की त्यांची भाजी वेगळी करता, एक चमचा तेलाची, आणि तुमची आणि मुलीची "नेहमीची". ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले. दोन वर्षं त्या घरात हृदयाला मानवेल असा स्वयंपाक रोज होतो आहे, तुमच्याच हातून, आणि तुमच्या ताटात तो येत नाही. उद्यापासून एकच पातेलं चढवा. सगळ्यांना तीच भाजी. मटकी-हुलग्याची उसळ, वरण, ताक, खात असाल तर अंडं, यांतलं काहीतरी दोन्ही वेळेला तुमच्या पानात हवं, कारण शेवटी बसणारीच्या वाट्याला बहुतेकदा पोळी आणि रस्सा उरतो. रात्रीचा भात सकाळी "वाया नको" म्हणून तुम्ही संपवता, तो आता थोडा कमीच लावा. शाळेतला साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं दिवसातून चारदा होत असतील, तर एकदाच ठेवा. उपवास तुम्ही कुठले करता ते लिहिलं नाहीत, पण गुरुवार-संकष्टी असणारच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ भाग, त्यात बटाटा आणि तूप. श्रद्धा ठेवा, खिचडी बदला: थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक.

आता चालण्याचं. तुम्ही म्हणता, दिवसभर पायांवरच असते. ते खरं आहे आणि दमवणारंही आहे, पण ओट्याशी उभं राहणं म्हणजे भरभर चालणं नव्हे. आठवड्याला १५० मिनिटं दम वाढेल असं चालायचं, आणि दोन दिवस स्नायूंना काम: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. तपासणी होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करा, त्याआधी नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात, जो २००६ मध्ये छापून आला, तुमच्यासारख्याच काठावर असलेल्या माणसांनी खाणं-चालणं बदललं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं.

वेळ कुठून आणायचा, हा खरा प्रश्न आहे आणि मी तो तुमच्यावर ढकलणार नाही. २०१९ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसली, घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. तुमच्या चालण्याची तीस मिनिटं त्या २९९ मधूनच निघायची आहेत, झोपेतून नाही. म्हणून पुढचा परिच्छेद यजमानांना वाचायला द्या.

दादा, डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुम्ही रोज सकाळी पाऊण तास फिरायला जाता, हे फार चांगलं करता. त्या पाऊण तासात घरी तुमचा नाष्टा, तुमचा डबा आणि मुलीचा डबा तयार होत असतो. आता दोघं मिळून जा. भाजी आदल्या रात्री निवडून, चिरून ठेवायचं काम तुम्ही घ्या, डबे भरायचं मुलगी घेईल. बारावीच्या अभ्यासाचं दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. आणि या आठवड्यात तुम्ही त्यांच्याबरोबर दवाखान्यात चला. तुमच्या वेळी त्या आयसीयूबाहेर बसल्या होत्या. त्यांच्या चिठ्ठीतलं काही वाचायचं राहिलं तर ते तुम्ही सांगा.

ताई, "कौतुक" हा शब्द तुम्ही स्वतःसाठी वापरलात. यजमानांच्या दर तीन महिन्यांच्या तपासणीला तुम्ही कधी कौतुक म्हणाला आहात का? मुलीच्या चष्म्याच्या नंबराला? शाळेतली एखादी मुलगी "बाई, चढताना आवळतं" म्हणत तुमच्याकडे आली असती, तर तुम्ही तिला मे महिन्यापर्यंत थांबवलं नसतं. तिच्या घरी निरोप धाडला असता.

यजमानांच्या रिपोर्टांची प्लास्टिकची फाइल तारखेवार लावलेली आहे आणि तुमचा शिबिराचा कागद शिवणयंत्राच्या खणात आहे, असंही तुम्ही लिहिलं आहे. कागद आजच बाहेर काढा. दुसरी फाइल आणा आणि तिच्यावर तुमचं नाव घाला. सगळ्यात वर ती जिन्याची चिठ्ठी, तिच्याखाली शिबिराचा रिपोर्ट, मग पिशवीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि सापडलंच तर बाळंतपणाचं. बीपी घरी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, सकाळ-संध्याकाळचे आकडे मागे लिहीत जा. ईसीजी झाला की मला कळवा. मी वाट बघते आहे.